वजन ११८ किलो, बजेट ४० हजार: ट्रेडमिल घ्यावी का?

पत्र असं आहे: "मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ दुसऱ्या मजल्यावर राहतो. वय ४२, उंची ५ फूट ७ इंच, वजन ११८ किलो. अंबडच्या कंपनीत शिफ्टची नोकरी. बीपीची गोळी चालू आहे, जिना उतरताना गुडघे दुखतात. डॉक्टरांनी रोज व्यायाम करायला सांगितलं आहे. पावसाळ्यात आणि सेकंड शिफ्टला बाहेर चालायला जाणं होत नाही, म्हणून घरीच मशीन घ्यायचं ठरवलं. ४० हजारांपर्यंत खर्च करू शकतो. दुकानदार ४ एचपीची ट्रेडमिल दाखवतो, तिच्यावर 'कमाल वजन १२० किलो' लिहिलंय. तुम्ही ११८ आहात, आरामात चालेल, असं तो म्हणतो. शिवाय कंपनीतला एक मित्र त्याची जुनी ट्रेडमिल १८ हजारांना द्यायला तयार आहे. बायकोचं वजन ८४ किलो, उंची ५ फूट २ इंच, तीही वापरेल. काय घेऊ?"

नमस्कार. दोन्ही ट्रेडमिल घेऊ नका. पाठीला टेकू असलेली, खुर्चीसारखी सीट असलेली सायकल घ्या. दुकानात तिला रिकम्बंट बाइक म्हणतात. तिच्या पुस्तिकेत कमाल वजन १५० किलो छापलेलं असायला हवं. पाऊस नसेल आणि फर्स्ट शिफ्ट असेल तेव्हा चालायला इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक तुम्हाला जवळ आहेच. चालण्यासाठी ४० हजार घालवायची गरज नाही. पावसाळ्यात आणि सेकंड शिफ्टला घरात काय करायचं, एवढ्याच प्रश्नासाठी मशीन घ्यायचं आहे.

दुकानदार खोटं बोलत नाही, पण १२० हा आकडा तो सांगतो तसा वाचायचा नसतो. चालताना प्रत्येक पावलाला पट्ट्यावर वजनाच्या सव्वापटीच्या आसपास भार येतो, धावताना दुप्पट-अडीचपट. ११८ किलोचा माणूस १२० च्या मशीनवर नुसता उभा राहिला तर दोन किलो शिल्लक राहतात, पहिलं पाऊल टाकलं की तेही संपतात. वजनदार माणसाने मशीन घेताना एक हिशेब धरावा: आपलं वजन, अधिक त्याचा चौथा हिस्सा. तुमच्या बाबतीत ११८ अधिक साडेएकोणतीस, म्हणजे जवळपास १४८. म्हणून १५०. वजन पुढे कमी होणारच आहे, मग १२० पुरेल, असा विचार करू नका. मशीनवर सगळ्यात जास्त भार पहिल्या सहा महिन्यांत येतो, आणि तेव्हा तुम्ही ११८ किलोच असणार आहात.

आता ते ४ एचपी. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. ४ एचपी खरोखर सतत ओढायची तर जवळपास ३,००० वॅट लागतील. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर १,४०० वॅटच्या वर काही चालत नाही. मग हीच ट्रेडमिल टीव्हीच्या पॉइंटला लावून कशी चालते? कारण तो आकडा 'पीक'चा आहे, क्षणभरासाठी मोटर जेवढा जोर काढू शकते तेवढा. सतत चालणारी ताकद त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. दुकानात विचारायचं ते "कंटिन्युअस किती?" तुमच्या वजनाला सतत ३ एचपीची मोटर हवी आणि १६ अँपिअरचा, गीझरला असतो तसा, अर्थिंग असलेला पॉइंट हवा. अशी मशीन ४० हजारांत नवी मिळणं अवघड.

यातली खरी गोम बहुतेकांना उलटी वाटते. आपण वजनदार आहोत, मग हळू चालू, मशीनला त्रास होणार नाही, असं लोक धरून चालतात. मोटरच्या दृष्टीने हळू चालणारा वजनदार माणूस हेच सगळ्यात अवघड काम. पट्टा खालच्या फळीवर घासत सरकतो, आणि घर्षण वजनाबरोबर वाढतं. ताशी ३ किलोमीटर वेगाला मोटर हळू फिरते, पण प्रत्येक पावलाला अडणारा पट्टा ओढायला तिला करंट मात्र भरपूर लागतो. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये मोटरला थंड करणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. मोटर हळू, म्हणजे पंखाही हळू. उष्णता साचते. आधी मोटरचा वेग सांभाळणारं कंट्रोलर कार्ड जातं, मग मोटर. वीस मिनिटं चालल्यावर पुढच्या झाकणातून जळका वास येतो, किंवा मशीन आपोआप बंद पडतं आणि पडद्यावर एररचा आकडा दिसतो, ते यामुळेच. (जाता जाता: दोन-तीन टक्के चढ दिला की मशीनवर ताण वाढतो असं वाटतं. मोटरपुरतं तसं नाही. चढावर तुमचंच वजन पट्ट्याला मागे ढकलतं, मोटरचं काम हलकं होतं.)

पट्ट्याची रुंदीही मोजा. स्वस्त मशीनचा पट्टा ४० ते ४२ सेंटिमीटरचा असतो. मांड्या जाड असल्या की माणूस पाय थोडे फाकवूनच चालतो. ४० सेंटिमीटरमध्ये बूट कडेच्या प्लॅस्टिकवर पडतो, तो पडू नये म्हणून माणूस पाय जवळ घेतो, आणि गुडघा आत वळतो. आधीच दुखऱ्या गुडघ्याला हे नको. ५० सेंटिमीटर, म्हणजे २० इंच रुंदी हवी.

मित्राच्या ट्रेडमिलचं म्हणाल तर मैत्रीखातर बघायला जा, पण पैसे देण्याआधी एवढं करा. पुस्तिका मागा, त्यात कमाल वजन बघा. १५० पेक्षा कमी असेल तर तिथेच चहा घेऊन परत या. १५० असेलच, तर मशीन बंद करून प्लग काढा, पट्ट्याची कड उचला आणि खाली हात घाला. बोटांना किंचित तेलकट लागलं पाहिजे. कोरडं, खरखरीत लागलं, किंवा फळीवर मधोमध चर पडलेला जाणवला, तर पट्टा आणि फळी दोन्ही बदलावी लागतील. मग प्लग लावून ताशी २ किलोमीटरवर चालू करा, कठड्याला धरून चढा आणि प्रत्येक पाऊल जरा दाबून टाका. पाऊल पडताच पट्टा क्षणभर अडतोय का? अडत असेल तर तुमच्या वजनाला ते मशीन पुरणार नाही. ओळखीचा इलेक्ट्रिशियन क्लॅम्प मीटर घेऊन आला तर आणखी चांगलं: रिकाम्या पट्ट्याला किती करंट आणि तुम्ही चालताना किती, हे मोजता येतं. त्याने त्या मोटरच्या पाटीवरचा आकडा वाचावा. तुम्ही चालताना सतत त्याच्या वर जात असेल तर विषय संपला. आणि घरी मशीन असलेल्या कोणालाही सांगून ठेवा, पट्ट्याखाली फक्त सिलिकॉन ऑइल. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घातलं की पट्टा फुगतो, सरकतो आणि खाली काळा चिकटा जमतो.

बाकीच्या मशीनवर फार वेळ घालवत नाही. वॉकिंग पॅडला, म्हणजे जमिनीलगतच्या छोट्या सपाट ट्रेडमिलला, धरायला कठडा नाही आणि मोटर लहान. घडी होणाऱ्या एक्स आकाराच्या सायकलीत तुमचं सगळं वजन मधल्या एका बोल्टवर येतं. जिममधल्यासारख्या स्पिन बाइकची सीट अरुंद आणि कडक असते, शिवाय तिचं जड चाक पेडलला कायम जोडलेलं असतं. पाय थांबवले तरी पेडल फिरत राहतात. गुडघ्यात अचानक कळ आली तर पाय मध्येच सोडता येत नाही, लाल नॉब दाबून चाक थांबवावं लागतं. क्रॉस ट्रेनर, म्हणजे उभं राहून दोन पायपट्ट्या पुढे-मागे फिरवायचं मशीन, चांगलं यंत्र आहे, पण त्यात प्रत्येक पावलाला पूर्ण वजन एका बाजूच्या दांड्यावर जातं. हलक्या मशीनच्या सांध्यांतले बुश घासतात आणि काही महिन्यांत करकर सुरू होते. तुमच्या वजनाला ७०-८० किलोचं मशीन हवं, ते या पैशांत बसत नाही. रोइंग मशीनची सीट जमिनीजवळ असते, गुडघे छातीशी येतात, मध्ये पोट येतं, आणि उठताना मनस्ताप. १५-२० किलो उतरल्यावर बघू. थरथरणारे पट्टे, पोटावर बांधायच्या बेल्टा, कंबर फिरवायच्या चकत्या यांना एक रुपयाही नको.

आता सायकल. साधी उभी सायकल का नाही? तिच्यात वजन एका सीट पोस्टवर आणि लहान सीटवर येतं, पोट मांडीला अडतं म्हणून माणूस पुढे झुकतो, हातांवर भार येतो, मनगटं दुखतात. जोर कमी पडला की पेडलवर उभं राहायचा मोह होतो, आणि तेव्हा ११८ किलो एका क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर. पाठटेकू सायकलीत पाय पुढे असतात. पेडलवर उभं राहताच येत नाही. पोटाला जागा मिळते, पाठ टेकलेली असते, चढायला पाय उंच उचलावा लागत नाही. गुडघ्यावर शरीराचं वजन जवळपास येतच नाही, पायाने लावाल तेवढाच जोर येतो.

दुकानात जाताना मोजपट्टी न्या आणि रोजचे बूट घालून जा. पहिली गोष्ट, पुस्तिका मागा. खोक्यावरचा स्टिकर किंवा दुकानदाराने लावलेला कागद नको, कंपनीची छापील पुस्तिका. 'मॅक्सिमम युजर वेट'च्या ओळीचा फोटो काढा. वॉरंटीत बहुधा असं लिहिलेलं असतं की या वजनाच्या वरचा वापर झाला तर वॉरंटी रद्द. दुसरी गोष्ट, मशीनचं स्वतःचं वजन विचारा. हा आकडा जाहिरातीत फुगवून फारसा फायदा नसतो, म्हणून तो सगळ्यात प्रामाणिक. २५ किलोच्या सायकलीवर १५० किलो लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवू नका. ३५ किलोच्या पुढे असेल तर पुढचं बघा.

मग खाली वाका आणि सीटच्या पोटाकडे बघा. हे कोणी करत नाही, आणि सगळं तिथेच कळतं. सीटखाली लोखंडी पट्टी असून ती चार बोल्टांनी जोडलेली आहे, की प्लॅस्टिकच्या वाटीत दोन स्क्रू मारलेत? सीट ज्या नळीवर पुढे-मागे सरकते ती चौकोनी आणि जाड आहे का? सरकवून अडकवायची पिन लोखंडी आहे का, आणि भोकात घट्ट बसते की खुळखुळते? खुळखुळणारी पिन दर पेडलला थोडी हलते. ११८ किलो तिच्यावर हलत राहिले की भोक लांबट होतं, आणि मग सीट डगडगते ती कायमची. बसून, हँडल धरून, कंबर जोरात डावी-उजवीकडे हलवा. सीट किंचित लवली तर चालेल, पण "खट" असा आवाज आला तर पुढच्या मॉडेलकडे जा.

सीटची रुंदी ४० सेंटिमीटरच्या खाली नको, ४५ असेल तर उत्तम. जमिनीपासून उंची ४५ ते ५५ सेंटिमीटर, म्हणजे घरातल्या खुर्चीएवढी. त्याहून खाली असेल तर उठताना गुडघा दुखणार, आणि आठ दिवसांत मशीनवर टॉवेल वाळत पडणार. सीट आणि पेडलच्या मध्ये आडवा दांडा किती उंच आहे तेही बघा. काही मॉडेलमध्ये तो ओलांडायला पाय चांगलाच उचलावा लागतो. पाठीला जाळी असेल तर नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात बरं पडतं, रेग्झिन घामाने चिकटतं.

अंतर जुळवायची रीत सोपी आहे. टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सर्वांत लांब असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पुढचा तळवा पेडलवर घेतला की गुडघा थोडा वाकलेला राहतो, तेवढाच हवा. सीट फार जवळ असेल तर गुडघा जास्त वाकतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखतं. फार लांब असेल तर कंबर सरकते आणि गुडघ्याच्या मागे ताण येतो. तुमच्या आणि वहिनींच्या उंचीत पाच इंचांचा फरक आहे, तेव्हा दोघांनीही दुकानात बसून बघा. कोणाची सीट कितव्या भोकावर, ते नळीवर रंगीत टेपने खूण करून ठेवा, नाहीतर रोज अंदाजपंचे चालेल.

रेझिस्टन्स, म्हणजे पेडल किती जड जातं ते, मॅग्नेटिक (चुंबकाचा) असावा, आठ पायऱ्या पुष्कळ झाल्या. नॉबने हाताने बदलणारा असेल तर मशीनला वीज लागत नाही, पडदा पेन्सिल सेलवर चालतो. महावितरणने लाइट घालवली तरी व्यायाम चुकत नाही. चाक ५-६ किलोचं असलं तरी चालेल, त्यावर भाव चढवू देऊ नका. ब्लूटूथ, अ‍ॅप, गाणी यांच्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. कॅलरीच्या आकड्याकडेही बघू नका, कारण बहुतेक मशीनला तुमचं वजनच माहीत नसतं.

पैसे देण्याआधी एवढं विचारा: दुरुस्तीला माणूस नाशिकचाच येतो की मुंबई-पुण्याहून? घरी येण्याचे वेगळे पैसे किती? खोकं दुसऱ्या मजल्यावर चढवून जोडणी करून देणार का? बिलावर मॉडेलचा नंबर लिहून घ्या, नुसतं "एक्सरसाइज सायकल" नको.

जोडणीच्या दिवशी घरी थांबा, आणि एका गोष्टीवर नजर ठेवा: पेडल. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की घट्ट होतं. त्यावर इंग्रजी एल, उजव्यावर आर कोरलेलं असतं. घाईत डावं-उजवं बदललं किंवा तिरकं बसवून पान्याने रेटलं तर क्रँकच्या आट्या कापल्या जातात. मग पेडल कितीही आवळलं तरी पंधरा दिवसांत ढिलं, आणि इलाज एकच, क्रँक बदलणे. आधी बोटांनी चार-पाच फेरे सहज बसले पाहिजेत, मगच १५ नंबरचा पाना लावायचा.

घरात जागा कुठे? स्लॅबची काळजी करू नका. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरूनच बांधतात. ४० किलोची सायकल आणि ११८ किलोचे तुम्ही मिळून १५८, आणि तेही चौरस मीटरभर जागेत. घरात चार पाहुणे सोफ्यावर बसतात तेव्हा याहून जास्त होतं. बाहेर काढलेली, ग्रिल लावून बंद केलेली गॅलरी मात्र नको, एक तर ती पुढे झुललेली असते, आणि दुसरं म्हणजे पावसाची झड लागून सीटची नळी गंजते. आतल्या खोलीत, खिडकीजवळ, खाली १० मिलिमीटरचा रबरी मॅट. मॅट खालच्या शेजाऱ्यांसाठी आहे तसा मशीनसाठीही आहे. फरशी कधी सपाट नसते. चारपैकी एका पायाखालून पोस्टकार्ड सरकत असेल तर तो पाय अधांतरी आहे. तिथलं फिरतं टोपण फिरवून टेकवा. डोलणारं मशीन आपलेच बोल्ट सैल करतं.

वापराचं थोडक्यात. बीपीची गोळी आणि हे वजन आहे, म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या: सायकल चालवतोय, गोळी तीच राहू दे का, ईसीजी करायचा का? बीपीच्या काही गोळ्या नाडी मुद्दामच मंद ठेवतात, त्यामुळे हँडलवर हात ठेवून दिसणाऱ्या नाडीच्या आकड्यावर जाऊ नका. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा जोर ठेवा. पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा ८-१० मिनिटं, रेझिस्टन्स दोन किंवा तीनवर, मिनिटाला ५० ते ६० फेरे. मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. आठवड्याला एकूण १५० मिनिटांपर्यंत जायचं आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं किमान तेवढंच आहे. सेकंड शिफ्टला सकाळी दहा मिनिटं, निघण्याआधी दहा. रात्री घरी येऊन करायचं ठरवलंत तर चार दिवसांत बंद पडेल.

गुडघ्याचा नियम: चालवताना थोडं दुखलं आणि तासाभरात थांबलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं, तर रेझिस्टन्स एकने कमी करा. सूज आली किंवा गुडघा अडकायला लागला तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. उद्या बघू म्हणू नका.

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम घाला, त्याला मशीन लागत नाही. लाकडी किंवा लोखंडी खुर्ची भिंतीला टेकवून उठ-बस, सहा ते आठ वेळा, दोनदा. प्लॅस्टिकची खुर्ची अजिबात नको. गुळगुळीत फरशीवर तिचे पाय बाहेर फाकतात आणि ११८ किलो अचानक खाली येतात. भिंतीला हात टेकून पुश-अप दहा. तीन किलोचे दोन डंबेल आणि रबरी बँड घ्या. बँड दर महिन्याला ताणून उजेडात बघा, बारीक चिरा दिसल्या की टाकून द्या, तो तुटतो तेव्हा तोंडावर येतो. उठताना श्वास सोडा. श्वास रोखून जोर लावला की बीपी चढतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मांड्या घासून लाल होतील. गुडघ्यापर्यंतची सायकलिंगची चड्डी आणि आत थोडं व्हॅसलीन एवढ्याने भागतं. अनेकांचा व्यायाम गुडघ्याने नाही, या लाल मांड्यांनी बंद पडलेला असतो, आणि लाजेने कोणी सांगत नाही. पोहता येत असेल तर त्र्यंबक रोडवर महापालिकेचा सावरकर जलतरण तलाव आहे. पाण्यात गुडघ्यावर भार राहत नाही, सुटीच्या दिवशी तोही मार्ग आहे.

पैशांची वाटणी अशी करा: सायकलीला ३० हजारांपर्यंत, मॅट, बँड आणि डंबेलला तीन-साडेतीन हजार, दोघांच्या चालायच्या बुटांना पाच. उरलेले बाजूला ठेवा, वर्षभरात पेडल नाहीतर बेल्ट लागू शकतो. तुमच्या वजनाला रुंद पायाचा बूट लागेल, तो संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. घरचा वजनकाटाही तपासा. बरेच काटे १५० किलोपर्यंतच मोजतात, तुम्हाला पुरेल, पण तो गादीवर किंवा मॅटवर नाही, फरशीवरच ठेवा. आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी. वजन १ किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. म्हणजे काट्यावर फरक दिसण्याआधी तो कदाचित तुम्हाला जिन्यावर कळेल.

शेवटचं, आणि हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. जोडणीपासून सात दिवसांनी पेडल, दोन्ही क्रँकचे नट, सीटखालचे चार बोल्ट आणि पुढच्या-मागच्या आडव्या पायांचे बोल्ट पुन्हा आवळा. नवे भाग बसताना थोडे ढिले होतातच, वजनदार माणसाखाली जरा लवकर. पेडल मारताना दर फेऱ्याला एकदा "टक" असा आवाज येऊ लागला तर चालवणं तिथेच थांबवा. तो क्रँकचा नट सैल झाल्याचा आवाज असतो. त्या दिवशी सॉकेट पान्याने दोन मिनिटांत आवळून काम होतं. तसंच आठवडाभर चालवलं तर क्रँकचं चौकोनी भोक गोलटं होतं, मग नट कितीही आवळा, टकटक थांबत नाही. त्यावर क्रँक बदलणे हाच उपाय, आणि सैल नट घेऊन चालवल्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.